टक् आवाज आला कुठून?

"सर, आजीच्या गाण्यात टकटक होऊन राह्यली जी."

सातवीतल्या एका मुलीची ही तक्रार. शेगावजवळच्या एका खेड्यात राहणाऱ्या तिच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या आम्ही दिवाळीआधी ध्वनिमुद्रित केल्या होत्या. काम चांगले व्हावे म्हणून ओळखीच्या एका जाणकाराकडून माइक आणि संगणकाला जोडायची ध्वनिपेटी मागून आणली. 'हाय रिझोल्यूशन'मध्ये, म्हणजे ९६ किलोहर्ट्झ आणि २४ बिट अशा उच्च दर्जावर, मुद्रण केले. संक्रांतीनंतर स्नेहसंमेलनाच्या तयारीसाठी तेच मुद्रण शाळेच्या संगणकावर लावले, तर ओवीच्या मधे मधे टक्, चट्, टक्. जुन्या तव्यावरची गाणी वाजताना यायचे तसेच.

एरवी 'पुन्हा मुद्रण करू' असे म्हणून विषय संपला असता. पण दरम्यानच्या काळात आजी वारल्या होत्या. मुद्रणच बिघडले असेल, तर ते आता तसेच राहणार होते. वाजवण्यात दोष असेल, तर तो शोधता येणार होता. या दोहोंतले खरे कोणते, हे ठरवण्यासाठी वर्गाने आठवडाभर खटपट केली. त्या खटपटीत सातवी-आठवीच्या मुलांना ध्वनीबद्दल जे समजले ते पाठ्यपुस्तकातल्या धड्यापेक्षा बरेच पुढचे होते. म्हणून ती हकीकत आणि तिच्यामागचे विज्ञान येथे देत आहे.

आकड्यांत उतरलेला आवाज

आधी मुळापासून पाहू. आवाज म्हणजे हवेच्या दाबात होणारे चढउतार. माइकचा पडदा त्या चढउतारांबरोबर हलतो आणि तसाच कमीजास्त होणारा विद्युतदाब तयार होतो. डिजिटल मुद्रणात हा विद्युतदाब ठरावीक काळाने मोजला जातो आणि प्रत्येक मोजमाप आकड्याच्या रूपात साठवले जाते. या एकेका मोजमापाला नमुना म्हणतात. तापलेल्या माणसाचा ताप दर तासाने मोजून आलेख काढावा, तसेच हे. फरक इतकाच, की येथे मोजमाप सेकंदाला हजारो वेळा होते.

१९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा असतो. १६ बिटांत ६५,५३६ पायऱ्या मांडता येतात. २४ बिटांत १,६७,७७,२१६ पायऱ्या मांडता येतात. माणसाच्या कानाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, वय वाढते तशी ही मर्यादा खाली येते. एखादी वारंवारता नोंदवायची तर तिच्या दुपटीहून अधिक वेगाने नमुने घ्यावे लागतात. म्हणजे ऐकण्यापुरते पाहिले तर ४४,१०० नमुने पुरेसे आहेत. ९६ हजार नमुने घेण्याचा उपयोग मुख्यतः जतनाच्या आणि पुढच्या संस्कारांच्या कामी होतो.

आता थोडा गुणाकार करू. डाव्या-उजव्या अशा दोन वाहिन्या धरल्या, तर कॉम्पॅक्ट डिस्कचा आवाज वाजवायला सेकंदाला ४४,१०० × १६ × २ = १४,११,२०० बिट पुरवावे लागतात. ९६ किलोहर्ट्झ आणि २४ बिटांना ४६,०८,००० बिट लागतात. १९२ किलोहर्ट्झला त्याच्या दुप्पट, ९२,१६,०००. मुलांना हा गुणाकार फळ्यावर करायला लावा. दर्जा वाढला की पुरवठ्याचा भार किती वाढतो हे त्यांना आपोआप दिसेल. हा भार पुढे आपल्या कामी येणार आहे.

आलेख कागदावरचा प्रयोग

डिजिटल आवाजात धूळ नाही, ओरखडा नाही, सुई नाही. मग टक् आवाज येतो कशाने? उत्तर आलेख कागदावर सापडते.

मुलांकडून एक तरंग काढून घ्या. एका पूर्ण लाटेचे २४ भाग करा आणि लाटेची उंची १० घ्या. बिंदूंच्या उंची अशा येतील: ०, २.६, ५, ७.१, ८.७, ९.७, १०, ९.७, ८.७ आणि मग उतरत पुन्हा ०. त्यापुढे हेच आकडे ऋण चिन्हाने. अशा तीन-चार लाटा सलग काढा. शेजारच्या दोन बिंदूंच्या उंचीतला फरक कुठेही २.६ पेक्षा जास्त नाही, हे मुलांच्या लक्षात आणून द्या. स्पीकरचा पडदा या बिंदूंच्या मागोमाग हलत असतो, आणि त्याला फार मोठी उडी कधीच मारावी लागत नाही.

आता कात्री घ्या. शून्यापासून मोजायला सुरुवात केली तर सहावा बिंदू लाटेच्या माथ्यावर, म्हणजे १० वर आहे. त्याच्या पुढचे ११ बिंदू कापून टाका आणि उरलेले तुकडे एकमेकांना जोडा. माथ्यानंतर थेट तळाचा बिंदू आला. १० वरून उणे १० वर, म्हणजे २० ची उडी! एरवी २.६ च्या पलीकडे न जाणाऱ्या पडद्याला ही उडी एका नमुन्याच्या अवधीत मारायची आहे. ४८ हजारांच्या दराने हा अवधी सेकंदाच्या एक लक्षांशाच्या सुमारे दुप्पट भरतो. पडदा हिसका खातो आणि हवेला थप्पड बसावी तसा टक् आवाज होतो.

मग दुसऱ्या कागदावर त्याच माथ्यापुढचे ११ ऐवजी २४ बिंदू कापा. म्हणजे पूर्ण एक लाट काढून टाका आणि तुकडे जोडा. काय दिसते? काहीच नाही. जोड कुठे आहे हे शोधूनही सापडत नाही. आधीपेक्षा दुपटीहून अधिक बिंदू गेले, तरी येथे टक् आवाज येणार नाही.

या ठिकाणी वर्ग थोडा वेळ थांबवावा. किती आवाज हरवला यापेक्षा कुठे तुटला याला महत्त्व आहे. आपला कान हरवलेल्या क्षणाबद्दल फारशी तक्रार करत नाही, त्याला खटकते ती तुटलेली रेघ.

अशी तुटलेली रेघ इतकी का खटकते? एका सुरात एकच मुख्य वारंवारता आणि तिच्या पटीतल्या काही वारंवारता असतात. अचानक बसलेल्या धक्क्यात मात्र लहान-मोठ्या सर्वच वारंवारता थोड्या थोड्या असतात. रिकाम्या घागरीवर बोटाने टिचकी मारा, घागर तिच्या स्वतःच्या सुरात वाजेल. पाण्याने अर्धी भरून तीच टिचकी मारा, सूर बदलेल. टिचकी तीच, कारण टिचकीत सगळेच सूर असतात आणि घागर त्यांतला आपला तेवढा उचलते. टक् आवाज ही अशी टिचकी असते, म्हणून ती कोणत्याही गाण्यात वेगळी ओळखू येते. ढोलकीच्या थापेत ती लपते, पण लांबवलेल्या सुरात उघडी पडते. ओवी हा तर लांबवलेल्या सुरांचाच प्रकार.

टाकी आणि नळ

रेघ तुटते कशी, ते आता पाहू. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात पाण्याची टाकी म्हणजे काय हे मुलांना शिकवावे लागत नाही. नळाला पाणी येते ते येईल तेव्हा येते, पण वापर दिवसभर चालू असतो. म्हणून मधे टाकी लागते. टाकीत पाणी कसेही आले तरी खालची तोटी एकसारखी वाहते. टाकी रिकामी झाली की मात्र तोटीतून फस्स् करून हवा येते.

संगणकातही अशीच टाकी असते, तिला बफर म्हणतात. संगणक एका वेळी शंभर कामे करत असतो. कधी पडद्यावरचे चित्र बदलायचे, कधी इंटरनेटशी बोलायचे, कधी व्हायरस तपासायचे. ध्वनीचे नमुने तो सलग देत नाही, सवड होईल तशी एकेक घागर बफरमध्ये ओततो. ध्वनिपेटी मात्र घड्याळाच्या ठेक्यावर एकेक नमुना काढत राहते. तिला थांबता येत नाही. बफर रिकामा असेल त्या क्षणी ती शून्य देते किंवा मागचेच नमुने पुन्हा देते. दोन्ही प्रकारांत रेघ तुटते.

फाइलची नक्कल करणे आणि फाइल वाजवणे यांतला फरक येथे आहे. नक्कल करताना एखादा तुकडा उशिरा आला तरी बिघडत नाही. चुकला तर पुन्हा मागवता येतो. वाजवताना उशिरा आलेला नमुना निरुपयोगी असतो. प्रार्थना संपल्यावर शाळेत पोचलेल्या मुलासारखी त्याची गत होते. म्हणून फाइल अगदी शाबूत असूनही ती वाजताना टक् आवाज येऊ शकतो.

आता मघाचा गुणाकार आठवा. बफरचा आकार नमुन्यांत मोजतात. समजा, बफर ५१२ नमुन्यांचा आहे. ४४,१०० च्या दराने तो ११.६ मिलिसेकंद पुरतो. ९६ हजारांच्या दराने ५.३ मिलिसेकंद. १९२ हजारांच्या दराने जेमतेम २.७ मिलिसेकंद. टाकी तीच, पण तोटी मोठी केली. साधे गाणे विनातक्रार वाजवणारा संगणक 'हाय रिझोल्यूशन' फाइलवर अडखळतो, त्याचे हे एक नेहमीचे कारण. तेव्हा लोक म्हणतात, "फाइल खराब आहे." फाइल बिचारी तशीच असते.

मग टाकी मोठीच का ठेवत नाहीत? कारण मोठ्या टाकीत पाणी पडल्यापासून तोटीतून बाहेर येईपर्यंत वेळ लागतो. गाणारा माणूस कानाला हेडफोन लावून स्वतःचा आवाज संगणकातून ऐकत असेल, तर हा उशीर त्याला बोचतो. म्हणून अशा वेळी बफर मुद्दाम लहान करतात. नुसते वाजवायचे असेल, तेव्हा पाव सेकंद उशीर झाला तरी कोणाचे काही बिघडत नाही.

दोन टाळकरी

तुटण्याचे आणखी एक कारण आहे, ते अधिक गमतीचे. शेगावहून गजानन महाराजांची पालखी पायी पंढरपूरला जाते, तेव्हा टाळकऱ्यांचा ठेका एक असतो, कारण ते एकमेकांचे ऐकत असतात. समजा, दोन टाळकऱ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवले आणि एकाच लयीत वाजवायला सांगितले. पहिली काही मिनिटे ते जुळतील. मग एक जण केसभर पुढे जाईल, आणि हळूहळू फरक एका ठोक्याएवढा होईल.

प्रत्येक ध्वनियंत्रात क्वार्ट्झ स्फटिकावर चालणारे घड्याळ असते. दोन स्फटिक कधीच तंतोतंत सारखे नसतात. दोन घड्याळांत दहा लाखांत ५० भागांचा फरक आहे असे धरू. ४८ हजारांच्या दराने हा फरक सेकंदाला २.४ नमुने होतो. दोन यंत्रांच्या मधे ५१२ नमुन्यांची टाकी असेल, तर ५१२ ÷ २.४ = २१३ सेकंदांत, म्हणजे सुमारे साडेतीन मिनिटांत, ती भरून वाहील किंवा रिकामी होईल. टक्! मग पुन्हा साडेतीन मिनिटे शांतता, आणि पुन्हा टक्.

एका यंत्रातून आवाज घेऊन दुसऱ्यातून काढला की हा दोष उद्भवतो. उपाय म्हणजे सर्वांना एकाच घड्याळावर चालवणे. आजच्या पुष्कळ यूएसबी ध्वनिपेट्या आपल्या घड्याळाप्रमाणे संगणकाकडून नमुने मागून घेतात, त्यामुळे त्यांच्यापुरता हा तंटा मिटतो.

येथे जुन्या तव्यांची आठवण काढण्यासारखी आहे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तव्यावर आडवा ओरखडा असेल, तर दर ०.७७ सेकंदाला एक टक् आवाज येई. ३३⅓ फेऱ्यांच्या तव्यावर तोच दर १.८ सेकंदाला. धुळीचे आवाज मात्र कसेही, कुठेही. म्हणजे जाणकार माणूस नुसत्या ठेक्यावरून दोष ओळखे. डिजिटल आवाजातही हीच युक्ती लागू पडते. टक् आवाज ऐकून वैतागण्याऐवजी तो कधी येतो याची नोंद करायची.

वहीतल्या नोंदी

आम्ही तेच केले. आजींची एक ओवी साधारण पाच मिनिटांची होती. ती तीन वेळा लावली आणि तीन गटांना प्रत्येक टक् आवाजाची वेळ लिहायला सांगितली. पहिल्या खेपेला ०:४१, १:१७, २:०५ असे आकडे आले. दुसऱ्या खेपेला ०:२२, १:१७, २:५०. तिसऱ्या खेपेला १:१७, १:५८ आणि २:३३. शिवाय सव्वातीन ते पावणेचार मिनिटांच्या दरम्यान बारीक टकटकींची एक रांगच तिन्ही खेपांना त्याच जागी आली.

मुलांनीच निष्कर्ष काढला. जे आवाज दर वेळी जागा बदलतात, ते फाइलमध्ये असूच शकत नाहीत. फाइल म्हणजे छापलेले पुस्तक. त्यातली चूक पान बदलत नाही. जागा न बदलणारे आवाज मात्र फाइलमध्ये आहेत. निम्मी काळजी तेथेच मिटली.

मग जागा बदलणाऱ्या आवाजांकडे वळलो. नियम एकच ठेवला: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि परत ऐकायचे. पहिल्यांदा फाइल दुसऱ्या संगणकावर नेऊन वाजवली. भटके टक् आवाज गेले. म्हणजे दोष पहिल्या संगणकाच्या बाजूला. पुन्हा पहिल्यावर आलो आणि अॅम्प्लिफायर काढून ध्वनिपेटीला थेट हेडफोन लावला. आवाज कायम. म्हणजे अॅम्प्लिफायर आणि त्याच्या वायरी निर्दोष. वाय-फाय बंद केले, बाकीचे कार्यक्रम बंद केले. आवाज कमी झाले, पण गेले नाहीत. शेवटी ध्वनिपेटीच्या मांडणीत पाहिले, तर बफर २५६ नमुन्यांचा! ९६ हजारांच्या दराने ही टाकी २.७ मिलिसेकंदांत रिकामी होते. मुद्रणाच्या दिवशी कोणीतरी हेडफोनमधला उशीर घालवण्यासाठी तो आकडा खाली आणला होता आणि तो तसाच राहिला होता. बफर २०४८ वर नेला. आता टाकी २१.३ मिलिसेकंद पुरणार. ओवी तीन वेळा वाजवली, भटका टक् आवाज एकदाही आला नाही.

खात्रीसाठी आणखी एक चाचणी केली. ऑडॅसिटी या विनामूल्य कार्यक्रमात ४४० हर्ट्झचा एकसारखा सूर दहा मिनिटांचा तयार केला आणि तो बेताच्या आवाजात वाजवला. अशा सपाट सुरात बारीकशी तूटही लपत नाही. सूर स्वच्छ वाजला.

बांगड्यांचा आवाज

उरले ते फाइलमधले आवाज. १:१७ ची जागा संगणकाच्या पडद्यावर मोठी करून पाहिली, तर आलेख कागदावरचा प्रयोगच समोर आला. रेघ माथ्याजवळून सरळ कड्यासारखी खाली कोसळत होती आणि तेथून जणू काही झालेच नाही अशी पुढे चालू होत होती. मुद्रण चालू असताना काही नमुने गळले होते. बहुधा त्याच लहान बफरमुळे.

सव्वातीन मिनिटांपुढची रांग मात्र वेगळी दिसली. प्रत्येक टक् आवाज झपकन उठत होता, पण लगेच संपत नव्हता. त्याच्यामागे बारीक होत जाणाऱ्या लाटांचे शेपूट होते. मुलांना उलगडा होईना. तेवढ्यात ती मुलगी म्हणाली, "सर, ह्या तर आजीच्या बांगड्या व्हय!" जात्याचा खुंटा फिरवताना हात एका ठरावीक जागी आला, की काचेच्या बांगड्या एकमेकींवर आपटत होत्या. जात्याच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा.

भौतिकशास्त्राच्या दृष्टीने हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. खऱ्या जगात आपटलेली वस्तू थोडा वेळ कंप पावत राहते, म्हणून खऱ्या आवाजाला शेपूट असते. गळालेल्या नमुन्यांच्या जागी कोणतीही वस्तू आपटलेली नसते. तेथे फक्त कडा असतो.

टक् आवाज आपोआप काढून टाकणारे कार्यक्रम आज सहज मिळतात. पहिल्याच दिवशी आम्ही तसा एखादा चालवला असता, तर १:१७ च्या तुटीबरोबर त्याने बांगड्याही पुसून टाकल्या असत्या. वर गाणे स्वच्छ झाले म्हणून आम्ही खूषही झालो असतो.

शेवटी मूळ फाइल जशीच्या तशी दोन ठिकाणी ठेवली. तिची एक नक्कल काढली आणि फक्त नक्कलीत १:१७ च्या जागी दोन्ही टोके जुळतील अशी डागडुजी केली. संमेलनासाठी त्याच नक्कलीची ४८ किलोहर्ट्झ, १६ बिटांची हलकी प्रत बनवली. मांडवातल्या भोंग्यातून ९६ किलोहर्ट्झचा काही उपयोग नव्हता. बांगड्या मात्र ऐकू आल्या.

आणखी काही खुणा

शाळेत भेटणारे टक् आवाज सगळेच बफरचे नसतात. पुढच्या खुणा उपयोगी पडतील.

आवाज फक्त मोठ्या पट्टीला फाटत असेल, तर लाटांचे माथे छाटले जात आहेत. मुद्रणाची पातळी खाली आणावी. २४ बिटांत खाली भरपूर जागा असते, त्यामुळे पातळी कमी ठेवायला घाबरू नये. छाटलेला माथा मात्र २४ बिटही परत आणू शकत नाहीत.

वायर हलवली की चरचर होत असेल, तर जोडपीन मळलेली किंवा सैल आहे. आधी ती पुसावी किंवा बदलून पाहावी.

कूलर, पंखा किंवा ट्यूबलाइट चालू-बंद करताना टक् आवाज येत असेल, तर तो वीजपुरवठ्यातून किंवा वायरीतून आत शिरतो आहे. उन्हाळ्यात आमच्याकडे हा अनुभव रोजचा. लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहावा, ध्वनीची वायर विजेच्या वायरीपासून दूर न्यावी.

सतत घूंऽऽ असा खालचा आवाज येत असेल, तर तो ५० हर्ट्झच्या विजेचा गुणगुणाट. त्याचे मूळ जमिनीच्या जोडणीत शोधावे, फाइलमध्ये नाही.

प्रत्येक गाण्याच्या फक्त सुरुवातीला टक् आवाज येत असेल, तर गाण्यांचे दर वेगवेगळे असण्याचा संभव आहे. एक ४४,१०० चे, दुसरे ४८ हजारांचे असले, की यंत्राला मधे घड्याळाचा दर बदलावा लागतो. कार्यक्रमासाठी सर्व फाइली आधीच एका दरात आणून ठेवाव्यात. ४४,१०० हा अवघड आकडा कुठून आला असे मुले विचारतील. सुरुवातीला डिजिटल आवाज व्हिडिओ फितीवर साठवत. सेकंदाला ६० चित्रक्षेत्रे, प्रत्येकात २४५ रेषा आणि प्रत्येक रेषेवर ३ नमुने, असा तो गुणाकार आहे.

ब्लूटूथवर तुटक आवाज येत असेल, तर आधी वायर जोडून पाहावे. शोधाची सुरुवात नेहमी सोप्या जोडणीपासून करावी.

एका आजीच्या पाच मिनिटांसाठी इतका खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांनी त्यांपैकी पुष्कळ ओव्या बायकांच्या आवाजात मुद्रित केल्या. तो ठेवा २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'ने लोकांपुढे आणला आहे. पिठाच्या गिरण्या आल्यावर ज्या ओव्या थांबल्या, त्या आज ऐकता येतात त्या अशा मुद्रणांमुळेच. ध्वनिसंग्रह करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जतनासाठी किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट सुचवले आहेत. शाळेला हे आज परवडते. एवढे लक्षात ठेवावे, की मुद्रण करताना बफर मोठा असावा, पातळी बेताची असावी, मूळ फाइलला हात लावू नये आणि गायिका समोर असतानाच मुद्रण एकदा पूर्ण ऐकून पाहावे. हे शेवटचे आम्ही केले असते, तर १:१७ ची तूट त्याच दिवशी कळली असती आणि आजींनी ती ओवी पुन्हा म्हटली असती.

वर्गासाठी तीन प्रश्न देऊन थांबतो. बफर १०२४ नमुन्यांचा असेल, तर तो १९२ किलोहर्ट्झला किती वेळ पुरेल? माथ्याऐवजी रेघ शून्यावर असताना ११ बिंदू कापले, तर उडी केवढी येईल? आणि टाळीच्या आवाजाला शेपूट असते का? तिसऱ्याचे उत्तर आधी वर्गात आणि मग मोकळ्या मैदानात टाळी मुद्रित करून शोधावे. दोन्ही आलेख शेजारी ठेवले, की मुलांचे नवे प्रश्न सुरू होतील.